एलिझाबेथ गादीवर आल्यावरचे पहिले वर्ष (१५५८-५९): कारभारात नेमक्या अडचणी कोणत्या?

पैलतीर:
पहिल्या एलिझाबेथबद्दल मराठीत वाचायला मिळते ते बहुतेक दोन मुद्द्यांवर येऊन थांबते: लग्न केले नाही, आणि प्रॉटेस्टंट पंथ आणला. स्पेनच्या आरमाराशी झालेली आरमाडाची लढाई तर तीस वर्षांनंतरची. मला १७ नोव्हेंबर १५५८ पासून पुढचे वर्ष-दीड वर्ष समजून घ्यायचे आहे. राणी पंचवीस वर्षांची, कायद्याच्या पुस्तकात अनौरस, फ्रान्सशी युद्ध चालू, फ्रान्समधले इंग्लंडचे शेवटचे ठाणे कॅले त्याच वर्षी जानेवारीत गेलेले. पहिल्या आठवड्यात प्रत्यक्ष काय करावे लागले? पैसा कुठून उभा केला? आणि बाई गादीवर आल्याने कारभारात खरोखर काही बदलले का?

दप्तरदार:
सुरुवात एका गोष्टीपासून करायला हवी, कारण ती समजली की बाकीचे समजते. त्या काळात राजाचा अधिकार राजाच्या देहाशी बांधलेला होता. १७ नोव्हेंबरला सकाळी आधीची राणी, एलिझाबेथची सावत्र बहीण मेरी वारली आणि त्या क्षणी तिच्या नावाने दिलेल्या न्यायाधीशांच्या सनदा आणि परगण्यांतल्या जस्टिस ऑफ द पीसच्या (स्थानिक न्यायदंडाधिकाऱ्यांच्या) नेमणुका संपल्या. पार्लमेंटचे अधिवेशन चालू होते, तेही बरखास्त झाले. तेवढ्यात यॉर्कचा आर्चबिशप हीथ, जो मेरीचा लॉर्ड चॅन्सेलर, म्हणजे राज्याचा शिक्का सांभाळणारा मंत्री होता, त्याने दोन्ही सभागृहांसमोर एलिझाबेथचे नाव जाहीर केले. तो कट्टर कॅथलिक होता, तरी त्याने हे लगेच केले. वारसावरून भांडण न होण्यात या घोषणेचा वाटा मोठा आहे.

राणी तेव्हा लंडनबाहेर हॅटफील्डला होती. तिचा विश्वासू कारभारी विल्यम सेसिल याने १७ आणि १८ तारखेला केलेली कामांची यादी आजही उपलब्ध आहे, आणि तिच्यातला क्रम बघण्यासारखा आहे. द्वाही फिरवणे, लंडनचा टॉवर हा किल्ला ताब्यात घेणे, बंदरांवर आणि स्कॉटलंडच्या सीमेवर बंदोबस्त, परदेशी दरबारांत दूत, न्यायाधीशांच्या नव्या नेमणुका. त्यातच एक कलम असे की, येत्या रविवारी सेंट पॉल्सच्या चौकात प्रवचन कोण देणार ते ठरवा, म्हणजे राज्यकारभारावरून वाद पेटणार नाही. त्या चौकातले प्रवचन म्हणजे लंडनची जाहीर बातमी होती. पुढे २७ डिसेंबरला हुकूम काढून सगळीकडचीच प्रवचने थांबवली.

दुसरे काम माणसांचे. मेरीचे प्रिव्ही कौन्सिल, म्हणजे राणीचे सल्लागार मंडळ, चाळीस जणांच्या घरात गेले होते, एवढ्या गर्दीत निर्णय होत नसे. एलिझाबेथने ते विसाच्या आसपास आणले. त्यातले निम्मे मेरीचेच लोक होते, आणि इथे तिचा शहाणपणा दिसतो. तिजोरी १५५० पासून सांभाळणारा विंचेस्टरचा मार्क्विस तिथेच राहिला, कारण कोणाचे किती देणे आहे हे त्याला माहीत होते. अरुंडेल, श्रूजबरी, डर्बी, पेम्ब्रोक हे अर्ल राहिले, कारण त्यांच्या मुलखात माणसे जमवायची ताकद त्यांच्याकडेच होती. राजाकडे खडे सैन्य नव्हते. गेले ते मुख्यतः धर्मामुळे मेरीच्या जवळ आलेले. पाद्री तर निकोलस वॉटन हा एकच उरला. सेसिलला २० नोव्हेंबरला सेक्रेटरी केले. राज्याचा शिक्का हीथकडून काढून डिसेंबरात निकोलस बेकनकडे दिला, मात्र त्याला चॅन्सेलर न करता 'लॉर्ड कीपर' केले.

यात चुकायला जागा भरपूर होती. सगळे जुने काढले असते तर परगण्यांतला अंमल सुटला असता, आणि सगळे ठेवले असते तर धर्माच्या प्रश्नावर कौन्सिलच अडून बसले असते. जस्टिस ऑफ द पीसना पगार नव्हता. ते गावचे जमीनदार, काम मानापोटी करत. त्यांना दुखावून लंडनचा कागद खेड्यापर्यंत पोहोचवायला दुसरे कोणी नव्हते.

नाणेघाट:
पैशाबद्दल लिहितो. मेरी गेली तेव्हा राज्याचे कर्ज सव्वादोन लाख पाउंडांच्या आसपास होते, आणि वर्षाचे नेहमीचे उत्पन्नही साधारण तेवढेच. कर्जाचा मोठा भाग अँटवर्पच्या सावकारांचा, व्याज १२ ते १४ टक्के. मुदत सहा महिने ते वर्ष. मुदत भरली की एकतर फेडा, नाहीतर व्याज मुद्दलात घालून नवा रोखा लिहा. नुसत्या राणीच्या सहीवर सावकार विश्वास ठेवत नसत. त्यांना लंडन शहराच्या महापालिकेचा जामीन लागे. राजा मेला तर रोख्याचे काय, ही त्यांची रास्त भीती, आणि १५५८ मध्ये ती खरीच झाली होती. म्हणून मुकुटाचा कर्जव्यवहार पाहणाऱ्या थॉमस ग्रेशॅमला ताबडतोब अँटवर्पला पाठवून जुनी देणी मान्य केली आणि मुदती वाढवून घेतल्या. ते परदेशी कर्ज पूर्ण फिटायला १५७४ उजाडले.

पैसा उभा करायचे मार्ग असे होते. पहिला जकात. याचे श्रेय मेरीच्या कारभाराला द्यायला हवे. १५५८ मध्ये मालाच्या किमतींचा नवा तक्ता केला गेला आणि जकातीचे उत्पन्न सुमारे २९ हजारांवरून ८० हजारांच्या पुढे गेले. एलिझाबेथने तो तक्ता तसाच चालू ठेवला, आणि १५५९ च्या पार्लमेंटने आयात-निर्यातीवरची जकात तिला हयातभर दिली. दुसरा मार्ग चर्चचा. पाद्र्यांच्या नव्या नेमणुकीवरचे पहिल्या वर्षाचे उत्पन्न आणि दरसालचा दहावा हिस्सा मेरीने सोडून दिला होता, तो परत मुकुटाकडे घेतला. तिसरा म्हणजे पार्लमेंटने दिलेला कर: जमिनीच्या उत्पन्नावर पाउंडामागे (म्हणजे २० शिलिंगांमागे) ४ शिलिंग, चीजवस्तूवर २ शिलिंग ८ पेन्स, दोन हप्त्यांत. दर जबर दिसतो. पण आकारणी करणारे शेजारपाजारचेच सद्गृहस्थ असत, ते एकमेकांची मिळकत कमी लावत, आणि एकदा लावलेला आकडा वर्षानुवर्षे हलत नसे. महागाई वाढत गेली तसा हा कर आतून पोकळ होत गेला. माझ्या मते त्या राज्यव्यवस्थेतला हा सर्वांत खोल दोष, आणि एलिझाबेथने तो कधीच हाताळला नाही.

नाण्यांचा प्रश्न वेगळा. एलिझाबेथचे वडील आठवा हेन्री आणि भाऊ एडवर्ड यांच्या काळात चांदीत इतकी खोट घातली होती की १५५१ च्या वाईटात वाईट नाण्यात १२ भागांत फक्त ३ भाग चांदी उरली. चांगले नाणे लोक घरात दडवत किंवा परदेशी पाठवत, बाजारात हिणकसच फिरे. हे पहिल्या वर्षी दुरुस्त करणे शक्य नव्हते, कारण आधी चांदी हवी, ती शुद्ध करणारे कारागीर हवेत आणि डोक्यावर युद्ध नको. म्हणून २७ सप्टेंबर १५६० ला हुकूम निघाला. ६ पेन्सांना चालणारा टेस्टून (चांदीचे नाणे) साडेचार पेन्सांवर आणला, अगदी हिणकस असेल तर सव्वादोनवर. दोन्ही प्रकार दिसायला जवळजवळ सारखे, त्यामुळे बाजारात गोंधळ उडाला. मग ओळख पटावी म्हणून चांगल्यावर किल्ल्याच्या जाळीदार दरवाजाचा ठसा आणि वाईटावर शिकारी कुत्र्याचा ठसा मारायची व्यवस्था केली. गाळण्याचे काम अँटवर्पच्या कंत्राटदाराने आणलेल्या जर्मन कारागिरांना दिले. वर्षभरात बहुतेक खोटे नाणे चलनातून गेले. किंमत आधी कमी करून मग नाणे परत घेतल्यामुळे तोटा मुकुटाला झाला नाही. तो ज्याच्या हातात नाणे होते त्या माणसाला झाला, आणि हे सांगितल्याशिवाय या सुधारणेचे कौतुक करू नये.

अनुस्वार:
धर्माच्या प्रश्नातही क्रमच महत्त्वाचा आहे. राणीने पहिल्या दिवशी काहीच ठरवले नाही. तिच्या घोषणेतल्या बिरुदावलीच्या शेवटी नुसते 'इत्यादी' होते. चर्चचे प्रमुखपद तिचे की पोपचे, हे त्यात मोकळे ठेवले होते. कारण फ्रान्सशी तहाची बोलणी चालू होती, स्पेनचा राजा फिलिप, म्हणजे मेरीचा नवरा, तिच्या बाजूने होता आणि त्याला दुखावून चालणार नव्हते. फिलिपने जानेवारीत लग्नाची मागणी घातली, तीही तिने लगेच मोडली नाही.

राज्याभिषेकातच पेच दिसला. कँटरबरीचा आर्चबिशप पोल हा मेरीच्याच दिवशी, काही तासांनी वारला होता. यॉर्कच्या हीथने नकार दिला. शेवटी कार्लाइलचा बिशप ओगलथॉर्प तयार झाला आणि १५ जानेवारी १५५९ ला अभिषेक झाला.

२५ जानेवारीला पार्लमेंट भरले. कॉमन्स या खालच्या सभागृहात राणीला चर्चचे प्रमुखपद देणारे विधेयक निघाले, पण लॉर्ड्स या वरच्या सभागृहात बिशप आणि काही सरदारांनी मार्चमध्ये त्याची धार काढून टाकली. ईस्टरपूर्वी अधिवेशन संपवायचा बेत होता. पण १९ मार्चला फ्रान्सशी तह ठरल्याची बातमी आली, आणि राणीने पार्लमेंट विसर्जित न करता ३ एप्रिलपर्यंत पुढे ढकलले. मधल्या दिवसांत वेस्टमिन्स्टरला दोन्ही पक्षांचा जाहीर वाद घडवला. कॅथलिकांनी वादाच्या नियमांवरच हरकत घेतली, आणि विंचेस्टर व लिंकनचे दोन बिशप टॉवरमध्ये कैदेत गेले. साथीच्या तापाने कित्येक बिशपांच्या जागा आधीच रिकाम्या होत्या. प्रॉटेस्टंट उपासनेचा कायदा लॉर्ड्समध्ये २१ विरुद्ध १८ असा तीन मतांनी पास झाला. टॉवरमध्ये अडकलेल्या त्या दोन बिशपांची मते किती मोलाची होती ते यावरून कळेल. चर्चच्या बाबतीत राणीला 'सुप्रीम हेड'ऐवजी 'सुप्रीम गव्हर्नर' म्हटले, म्हणजे बाईने चर्चचे मस्तक व्हावे का, ही दोन्ही पंथांतली कुरकुर थोडी शमली.

मग राणीचे हे पद मान्य करण्याच्या शपथेचा प्रश्न आला. लँडाफच्या किचिनखेरीज सगळ्या बिशपांनी ती नाकारली आणि त्यांची पदे गेली. गावोगावचे पाद्री मात्र बहुतांश शपथ घेऊन राहिले. आता नवा आर्चबिशप मॅथ्यू पार्कर याला दीक्षा द्यायची तर कायद्याला चार बिशप हवेत, आणि पदावरचे बिशप तर तयार नाहीत. शेवटी मेरीने काढलेले चार जुने बिशप गोळा करून १७ डिसेंबर १५५९ ला विधी उरकला.

जाता जाता: याच व्यवस्थेमुळे अनेक इंग्रज कॅथलिक देशाबाहेर पडले. त्यांतलेच थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात उतरले आणि पुढे मराठीत ओवीबद्ध पुराण लिहिते झाले.

पैलतीर:
फारच उपयोगी, सगळ्यांचे आभार. दोन शंका राहिल्या. पार्लमेंट हातात असताना अनौरस ठरवणारा कायदा रद्द का केला नाही? आणि बाई असण्याचा मुद्दा अजून बाकी आहे.

दप्तरदार:
अनौरसपणा १५३६ च्या कायद्यातला. १५४४ च्या कायद्याने तिला वारसांच्या यादीत घेतले, पण औरस ठरवले नाही. तो रद्द करायचा तर हेन्रीचे कोणते लग्न खरे, हा वाद पुन्हा उघडावा लागला असता. मेरीने स्वतःसाठी तो उघडला होता, त्यामुळे एलिझाबेथची आई ॲन बोलिन हिचे लग्न आपोआप खोटे ठरत होते. बेकनचा सल्ला असा की मुकुट डोक्यावर आला की रक्तातले सगळे दोष धुतले जातात. म्हणून १५५९ मध्ये फक्त तिचा हक्क मान्य करणारा कायदा केला, आणि दुसऱ्या कायद्याने तिला आईकडून वारसा मिळण्याचा मार्ग मोकळा केला. जुन्या कायद्याला हातही लावला नाही.

बाई असण्याची कायदेशीर बाजू मेरीनेच मिटवली होती. १५५४ च्या कायद्यात स्पष्ट आहे की राणीचे अधिकार राजाइतकेच. फिलिपशी झालेल्या विवाहकरारात नवऱ्याच्या अधिकारांवर घातलेल्या मर्यादांचा नमुनाही तयार होता. एलिझाबेथची पायवाट मेरीने पाडून ठेवली, हे सहसा कोणी लिहीत नाही.

प्रत्यक्ष बदल झाला तो महालाच्या आतल्या दालनात. हेन्रीच्या काळी तिथले पुरुष सेवक राजाच्या सह्या आणि खासगी पैसा हाताळत, म्हणून ते राजकारणातले वजनदार लोक. राणीच्या दालनात स्त्रिया आल्या: कॅट ॲशली, ब्लांच पॅरी. त्यांच्यामार्फत अर्ज पोहोचत, पण कारभाराचा कागद सेक्रेटरीकडूनच सहीला जाई. सेसिलचे महत्त्व वाढले त्याचे हे एक कारण आहे.

नाणेघाट:
एक भर. वारस नसणे हीच त्या काळी सर्वांत तातडीची बाब होती. तिच्या पश्चात रक्ताने सर्वांत जवळची स्कॉटलंडची राणी मेरी स्टुअर्ट, आणि ती फ्रान्सच्या युवराजाची बायको. तिच्या राजचिन्हात सासऱ्याने इंग्लंडचे राजचिन्ह घालायला लावले होते. जुलै १५५९ मध्ये तो सासरा, दुसरा हेन्री, खेळातल्या झुंजीत जखमी होऊन मेला आणि मेरी फ्रान्सची राणी झाली. तिची आई तिच्या वतीने स्कॉटलंडचा कारभार पाहत होती, आणि तिच्या मदतीला फ्रेंच सैन्य तिथल्या लीथच्या बंदरात होतेच. फेब्रुवारी १५६० मध्ये बर्विकला स्कॉट सरदारांशी करार करून इंग्रज फौज स्कॉटलंडमध्ये गेली. ७ मे च्या लीथवरच्या हल्ल्यात शिड्या तटाला अपुऱ्या पडल्या आणि माणसे मारली गेली. जूनमध्ये मेरीची आई वारली, तेव्हा जुलैत एडिंबरोचा तह होऊन फ्रेंच परत गेले. त्या तहात मेरीने इंग्लंडचे चिन्ह वापरणे सोडायचे होते. तिने त्याला मंजुरी कधीच दिली नाही.