भात काढल्यावर न नांगरता लसूण

फिलिपिन्सच्या उत्तरेकडच्या इलोकानो लोकांच्या शेतकरी घरातली मुलं शेतात काय करतात, असा प्रश्न कुणीतरी विचारला होता; त्यावर आधीच्या उत्तरांत भात आणि रेडे राखण्याबद्दल आलंय. पण लसणीचं राहिलं, आणि छोट्या हातांची खरी गरज तिथेच.

तिथल्या इलोकोस नोर्ते प्रांतात आणि सिनाइत गावाकडे पावसाळी भात निघालं की ऑक्टोबर-नोव्हेंबरात त्याच वावरात लसूण लावतात. धसकटं बुडाशी कापायची, वाफसा (मातीत नेमकी ओल) धरायचा, दोन बोटं जाड पेंढा पसरायचा. मग टोकदार काठीने पेंढ्यातूनच भोक पाडून पाकळी टोकायची, शेंडा वर. पाकळ्या सोडवणं आणि टोकणं मुलांकडे. पाकळी दोन-तृतीयांशच मातीत जावी. खोल गेली तर कुजते. उलटी पडली तर कोंब वळसा घेऊन उशिरा येतो.

पेंढ्याची जाडी फार महत्त्वाची. जास्त झाला तर कोंब खालीच पिवळे पडतात. विरळ राहिला तर तण माजतं, ओल उडते. आणि तिकडे नोव्हेंबर ते एप्रिल पाऊस जवळजवळ नसतोच.

काढणी फेब्रुवारी-मार्चमध्ये. त्याआधी दोनेक आठवडे पाणी तोडायचं, नाहीतर गड्ड्या टिकत नाहीत. पातीसकट जुड्या बांधून हवेशीर जागी टांगतात. बियाण्याला मात्र मोठ्या गड्ड्याच ठेवाव्यात.