उघड्यावरची मैफल आणि आपल्या भागातले खाणे: काय ठेवावे, केव्हा द्यावे?

पेठेतली श्रोती (प्रश्न)
नमस्कार. आमच्या पेठेतील मंडळ जानेवारीत दोन रात्री मोकळ्या मैदानावर शास्त्रीय संगीताची मैफल भरवत आहे. गेल्या वर्षी गाणे उत्तम रंगले, पण मैदानाच्या कडेला उभ्या राहिलेल्या गाड्यांवर कोल्हापूरचे म्हणावे असे काहीच नव्हते. पुण्याहून आलेल्या पाहुण्यांनी नूडल्स खाऊन रात्र काढली, याची मला अजून खंत वाटते. शाहू महाराजांच्या आश्रयाने उस्ताद अल्लादिया खाँ ज्या गावात राहिले, तिथे गाणे ऐकायला येणाऱ्याने इथल्या शेतातले आणि गोठ्यातले काही चाखूनच परतावे, असे मला मनापासून वाटते. या वर्षी खाण्याची जबाबदारी माझ्याकडे आहे. काय ठेवावे आणि गाण्यात व्यत्यय न येता ते केव्हा द्यावे?

गुऱ्हाळकरी, करवीर
ताई, जानेवारी हा गुऱ्हाळांचा ऐन हंगाम आहे, म्हणून सुरुवात गुळापासूनच करावी. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तरी बाजारात दिसणारा प्रत्येक पिवळाधमक रवा, म्हणजे गुळाची ढेप, चांगला असतोच असे नाही, कारण रंग उजळण्यासाठी अनेकदा हायड्रॉस ही रासायनिक पावडर वापरली जाते. काहिलीत, म्हणजे गुऱ्हाळावरच्या मोठ्या कढईत, उसाचा रस उकळताना भेंडीच्या चिकट रसाने मळी वर आणून ती काढून टाकली, तरी रस स्वच्छ होतो. असा गूळ किंचित काळपट असतो आणि तोच घ्यावा. शक्य असल्यास आदल्या दिवशी स्वतः गुऱ्हाळावर जाऊन, गुळव्याशी, म्हणजे गूळ शिजवणाऱ्या कारागिराशी, बोलून, गूळ आणि काकवी आणावी. गूळ-शेंगदाणे, काकवी-भाकरी आणि आले घातलेला गुळाचा चहा, एवढ्यावरही थंडीतली रात्र निभावते.

रश्श्याचा चाहता
गूळ हवाच, परंतु तांबडा-पांढरा रस्सा नसेल तर पाहुण्यांना कोल्हापूर भेटले असे मी म्हणणार नाही. मैफलीआधी, सहाच्या सुमारास, भाकरीबरोबर तो वाढावा.

आजऱ्याची सुगरण
रश्श्याबद्दल माझे मत वेगळे आहे. झणझणीत जेवून मांडी घालून तीन तास बसणे अनेकांना जड जाते, आणि स्थानिक उत्पादनाच्या दृष्टीने पाहिले, तर त्यातली ब्याडगी मिरची कर्नाटकातून येते व पांढऱ्या रश्श्याचा नारळ बहुधा कोकणातून. रस्सा आपला आहे तो हाताच्या चवीमुळे, आणि तेही थोडे नाही. पण मैफल संपल्यावर, घरी, निवांतपणे वाढलेला तो अधिक शोभतो. मैदानावर आजऱ्याच्या घनसाळ तांदळाचा साधा वरण-भात ठेवावा. या तांदळाला २०१६ मध्ये मानांकन मिळाले आहे, आणि पातेल्याचे झाकण काढताच त्याचा वास असा पसरतो की वेगळ्या जाहिरातीची गरज राहत नाही.

गंगावेशीत दुधाच्या कट्ट्यावर म्हशीचे धारोष्ण दूध पिण्याची आपली रीत आहे. मैफलीत मात्र लहान मुले आणि वृद्धही येतात, म्हणून दूध नीट उकळूनच द्यावे. मोठ्या कढईत आटवत ठेवले, तर मध्यंतराला गरम मिळेल.

आता वेळेविषयी, कारण मला हे सर्वांत महत्त्वाचे वाटते. आलापी चालू असताना कागदी पुडीतला भडंग, म्हणजे तिखट मसाल्याचा चुरमुरा, कुरकुरला, की गायकाने जमवत आणलेले सारे विस्कटते. म्हणून गाडे मंचापासून दूर असावेत, गाणे सुरू असताना विक्री पूर्ण थांबावी आणि मध्यंतर पाऊण तासाचे असावे. भडंग मध्यंतरातच द्यावा, तोही पत्रावळीच्या द्रोणात.

पेठेतली श्रोती
सर्वांचे मनापासून आभार. गूळ, काकवी-भाकरी, घनसाळ भात आणि आटीव दूध, एवढेच ठेवायचे ठरवले आहे. रस्सा पाहुण्यांना दुसऱ्या दिवशी दुपारी घरी वाढेन. प्रत्येक गाड्यावर माल कोणत्या गावातून आला, हे मोठ्या अक्षरांत लिहिणार आहे. गुऱ्हाळकरी दादा, या रविवारी सकाळी तुमच्याकडे उसाच्या रसाचे आधण चालू असेल का? आम्ही चौघी येऊ.