कंटाळा? खाडीखाडीने जाऊन बघा

एकट्याने बाईकवर कन्याकुमारीला जाताना कंटाळा येत नाही का असं विचारलंय, तर अजिबात नाही. पनवेलहून ६६ नंबरचा हायवे थेट तिकडेच जातो, पण कोकणात तरी तो सोडा आणि खाडीखाडीने जा, म्हणजे वेसवीला सावित्री नदी ओलांडायची, दाभोळला वाशिष्ठी, तवसाळला शास्त्री, दरवेळी गाडी फेरीबोटीत चढवायची, स्टँड लावायचा, हेल्मेट काढायचं आणि खारा वारा खात कठड्याला टेकून उभं राहायचं. विचार खरे तिथे सुटतात राव, हायवेवर डोक्यात नुसते खड्डे नि ट्रक! शेजारी मासळीची टोपली घेऊन बसलेली मावशी 'एकटोच काय रे, जेवलास?' विचारते आणि पुढचा अख्खा घाट आईच आठवत राहते. पावसाळ्यात मात्र बोट चालू आहे का ते आधी विचारून घ्या.