सात नंबरच्या प्लॉटच्या परसात पोहायचा पूल: करायचा काय नको?

प्लॉट ७ : नमस्कार सगळ्यांना. परसात २० बाय १० फुटांचा पोहायचा पूल करायचं घरात चाललंय, खोली ४ फूट. मे महिन्यात पोरांना होईल म्हणून. जाणकारांनी सांगा बघू, करावा काय नको?

प्लॉट ३ : खाली कशाला खणतासा ओ, स्लॅबवर करा की. मोकळाच पडलाय.

प्लॉट १२ : स्लॅबचं नाव काढू नका. ४ फूट पाणी म्हणजे दर चौरस मीटरला १२०० किलो. घराची गच्ची धरलेली असते चौरस मीटरला १५० किलोला. आठपट भार झाला, हौदाचं वजन वेगळंच.

प्लॉट ३ : बरं बाबा, राहिलं.

प्लॉट १२ : जमिनीत करायचा तर सात नंबरनी आधी एक सांगा. तुमच्या आडाचं पाणी ऑगस्टात जमिनीपासून किती खाली असतंय?

प्लॉट ७ : मोजलं नाही ओ. पण पावसाळ्यात हात घालून कळशी भरता येईल इतकं वर येतंय. त्याचा काय संबंध?

प्लॉट १२ : सगळा संबंध तिथंच हाय. आपल्या बेळगावात वर तांबडी माती, खाली जांभा दगड. जांभ्यातून पाणी चाळणीगत फिरतंय. आडात जी पातळी, तीच पूलच्या भिंतीबाहेर. तुमच्या मापाच्या हौदाचा तळ बाहेरून साडेसहा बाय साडेतीन मीटर भरेल. तळाच्या वर १ मीटर भूजल चढलं तर खालून उचल बसते साधारण २२-२३ टनांची. ८ इंची भिंत आणि ८ इंची तळ धरून रिकाम्या हौदाचं वजनही तेवढंच येतंय. म्हणजे भरलेला असेतो काही होत नाही, पण साफसफाईला म्हणून जुलै-ऑगस्टात कुणी पूर्ण उपसला की हौद नावेसारखा वर यायला बघतो. तळ मधोमध फुगतो, कोपरे तडकतात, पाईप जोडाला तुटतात. तो परत खाली बसवता येत नाही.

प्लॉट ७ : अरे देवा. मग उपाय?

प्लॉट १२ : तळाखाली ६ इंच खडीचा थर आणि तळाच्या ड्रेनमध्ये हायड्रोस्टॅटिक व्हॉल्व्ह. बाहेरचा दाब आतल्यापेक्षा वाढला की तो उघडतो, बाहेरचं पाणी आत येतं, हौद जागेवर राहतो. पण त्याची झडप टेकते त्या जागी वाळूचा कण अडकला की तोच गळतो, म्हणून एकट्या त्याच्यावर विसंबू नका. कोपऱ्यात तळाच्या खालपर्यंत ४ इंची भोकांचा पाईप उभा सोडा. त्यात दोरी सोडली की पाणी कुठवर आलंय कळतंय, आणि गरज पडली तर तिथून उपसताही येतं. पाईपला काही फार खर्च नाही, तरी सगळे विसरतात.

प्लॉट ७ : काँक्रीट कुठलं? गवंडी विटांचं बांधून आतून वॉटरप्रूफिंग करू म्हणतोय.

प्लॉट १२ : विटांचं नको. पाणी साठवायच्या आरसीसीला आयएस ३३७० हा भारतीय मानक कोड एम-३० ग्रेडच्या काँक्रीटखाली येऊ देत नाही. सळीची जाळी दुहेरी. तळ आणि भिंत एका दिवसात भरत नाहीत, त्यामुळं मधल्या जोडात पाणी अडवणारी पीव्हीसी वॉटर स्टॉप पट्टी पाहिजेच, गळती बहुतेक वेळा तिथूनच असते. पट्टी सळीला तारेनं ताठ बांधून घ्या, सेंट्रिंगवाले ती वाकवून टाकतात आणि काँक्रीट पडल्यावर कुणाला दिसत नाही. पाईपची भोकंही भरतानाच सोडायची, मागून हिल्टी ड्रिल मशीन लावून फोडायची नाहीत. टाइल लावायच्या आधी पूर्ण भरून ७ दिवस पातळीची खूण बघा.

प्लॉट ९ : उन्हानंही पाणी कमी होतं की. गळतंय का वाळतंय कसं ओळखायचं?

प्लॉट १२ : बरोबर, काकू. पूलच्या पायरीवर बादली ठेवायची, बादलीतलं आणि पूलमधलं पाणी एका पातळीला. पंप बंद. २४ तासांनी दोन्ही सारखं उतरलं तर ऊन. पूल जास्त उतरला तर गळती. आणि ऊन म्हणाल तर रोज ५ मिलीमीटर धरलं तरी या पूलमधून ९०-९५ लिटर उडून जातंय.

प्लॉट १८ : पाण्याचा हिशेब मी सांगतो. २० × १० × ४ म्हणजे ८०० घनफूट, २२,६५० लिटर. ५ हजाराचे पाच टँकर. उन्हाळ्यात शहराला पाणी देणाऱ्या राकसकोप जलाशयाची पातळी खाली जाते तेव्हा नळाचं पाणी यात घालणं बरं दिसत नाही. आडाचं घालणार असाल तर आधी लोह तपासा. लोह असलेल्या पाण्यात क्लोरीन पडला की तासाभरात पूल चहाच्या रंगाचा होतो.

प्लॉट ३ : मग दूध घालून संपवायचा 😄

प्लॉट १८ : फिल्टर ६ तासांत सगळं पाणी फिरवणारा पाहिजे, म्हणजे तासाला पावणेचार हजार लिटर. अर्ध्या एचपीचा पंप आणि १६ इंची वाळूचा फिल्टर पुरतोय. रोज ८ तास चालवला तर महिन्याला १३० युनिटच्या आसपास, हेस्कॉमचं विजेचं बिल त्यावर काढा. पंपासाठी खड्डा करू नका, पावसाळ्यात पहिला तोच भरतो आणि मोटर जाते. सेल्फ-प्रायमिंग, म्हणजे स्वतःच पाणी ओढून घेणारा पंप जमिनीवर, शेडमध्ये.
फिल्टरचा प्रेशर गेज धुतल्यावर किती दाखवतोय ते मार्करनं टाकीवरच लिहा. त्याच्यावर दाब ८-१० पीएसआय चढला की बॅकवॉश, म्हणजे वाळूतून उलटं पाणी सोडून धुणं, काचेतून पाणी स्वच्छ दिसेतो २-३ मिनिटं, मग अर्धा मिनिट सुलट पाण्यानं रिन्स. दर वेळी ३०० लिटर गटारात. मल्टिपोर्टचा, म्हणजे पाण्याची वाट बदलणाऱ्या व्हॉल्व्हचा दांडा फिरवायच्या आधी पंप बंदच पाहिजे. चालू पंपावर फिरवला की आतलं चाकाच्या आऱ्यांसारखं गास्केट फाटतं आणि मग फिल्टरवर असतानाही वेस्टच्या पाईपातून पाणी जात राहतं. मालक गळती शोधत फरशी फोडत बसतो.

प्लॉट ७ : औषध कोण घालणार? आठवड्यातून एकदा चालतंय काय?

प्लॉट १८ : नाही. रोज बघायचं. क्लोरीन १ ते ३ पीपीएम (दहा लाखात इतके भाग), पीएच ७.२ ते ७.६. पीएच ८ च्या पुढं गेला की क्लोरीन असूनही त्याचा जोर बराच कमी होतो, डोळे मात्र झोंबतात. तुमच्या पाण्याला १ पीपीएम चढवायला टीसीसीए या क्लोरीनच्या औषधाची २५ ग्रॅम पावडर लागते. त्याच्याच गोळ्या सोप्या, पण त्यातलं क्लोरीनला बांधून ठेवणारं सायन्युरिक आम्ल साठत जातं. पाणी न बदलता रोज दीड पीपीएम घातलं तर सहा महिन्यांत ते दीडशेच्या वर, आणि पाहिजे ३० ते ५०. मग पाणी हिरवं होतं आणि कितीही गोळ्या टाका, उपयोग नाही. कमी करायला पाणीच काढावं लागतं, ते पावसाळ्यात काढलं तर बारा नंबर म्हणाले तो घोटाळा.
टीसीसीए आणि ब्लीचिंग पावडर एका डब्यात, एका चमच्यानं कधी नको, पेट घेतंय. ॲसिड त्यांच्या शेजारीसुद्धा ठेवू नका.

प्लॉट ९ : पोरांचं कुणी बोललंच नाही. चारी बाजूंनी ४ फुटी कुंपण, फाटक आपोआप लागणारं, कडी वरच्या बाजूला. तळाला ड्रेन एकच नको, दोन पाहिजेत, ३ फूट अंतरावर. एकच असला तर पंपाच्या ओढीनं त्यावर पोराचं अंग चिकटतं आणि सुटत नाही. लाइट १२ व्होल्टचाच, पंपाच्या लाइनला ३० मिलीॲम्पिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच. आणि वापर थांबला की डासांचं घर तयार.

प्लॉट ३ : एवढं सगळं ऐकून मला गोवावेसचा सार्वजनिक पूल जवळ वाटायला लागला.

प्लॉट ७ : मलाही ओ. मग नकोच म्हणतासा?

प्लॉट १२ : यंदा खणू नका, एवढंच. पोरांना १० फुटी गोल, अडीच फुटी फ्रेमचा पूल आणा, पाच हजार लिटरच्या आत भागतंय. खाली जमीन पाणसळीनं सपाट करा, एका बाजूला १ इंचही उतार असला तर फ्रेम त्या बाजूला झुकते. आणि आता परसात ६ फूट खोल चाचणी खड्डा घ्या. जूनपासून दर रविवारी टेप सोडून पाणी किती खाली हाय ते लिहून ठेवा. ऑगस्टात ५ फुटांच्या खालीच राहिलं तर गवंड्याला बोलवा. वर आलं तर पूल अर्धा जमिनीच्या वर उचलायचा, तळ जमिनीखाली अडीच फुटांवर.

प्लॉट ९ : आणि त्या खड्ड्यावर फळी टाका, वर दगड ठेवा. पोरं तिथंच खेळतात.

प्लॉट ७ : फळी हाय काकू. टेप कुणाकडं मोठा असेल तर द्या.