मदत हवी आहे: बायोचार घातलेल्या वाफ्यातली रोपे पिवळी पडली, गांडुळेही दिसत नाहीत

नमस्कार. वाळलेल्या फांद्यांचा बायोचार (मातीत घालण्यासाठी कमी हवेत जाळून केलेला कोळसा) पहिल्यांदाच केला. शंकूच्या आकाराचा खड्डा खणून जाळ वर आणि कोळसा खाली, अशा पद्धतीने. शेवटी भरपूर पाणी ओतून विझवला, उन्हात वाळवला, चुरा केला आणि चौरस मीटरला साधारण २ किलो या हिशेबाने वाफ्यात १५ सेंटिमीटर खोल मिसळला. शेजारचा वाफा मुद्दाम तसाच ठेवला. रोपे, खत, पाणी दोन्हीकडे सारखेच.

तीन आठवडे झाले. कोळशाच्या वाफ्यातली पालेभाजी पिवळट आणि खुरटी आहे, शेजारची चांगली तरारली आहे. सुरुवातीला पाणीसुद्धा वरच साचायचे, आत मुरायचे नाही. पण सगळ्यात जास्त जीव कासावीस झाला तो गांडुळांमुळे. साध्या वाफ्यात एका फावड्यात पाच-सहा निघतात, इथे एखादेच. हा कोळसा शेकडो वर्षे मातीत राहतो असे वाचले होते आणि त्याचाच आनंद होता. आता तीच भीती वाटते, कारण तो परत काढता येणार नाही.

एक गोष्ट मात्र कळत नाही. त्याच वाफ्याच्या कडेला घेवड्याचा वेल आहे, तो हिरवागार आहे. माती विषारी झाली असती तर तोही सुकला असता ना? माझ्या हातून मातीतले जिवाणू मेले का? जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १:
आधी तीन गोष्टी बघून सांगा. पिवळेपणा खालच्या जुन्या पानांपासून सुरू झाला की शेंड्याच्या कोवळ्या पानांपासून? दोन्ही वाफ्यांचा सामू (pH, म्हणजे मातीची आम्लता) किती? आणि उरलेला कोळसा ओला करून बोटांवर चोळा. नुसत्या पाण्याने हात स्वच्छ झाले तर ठीक. तेलकट काळपटपणा राहिला, साबण लागला, तर त्यात डांबरी अंश उरलाय आणि तो रोपांना त्रास देतो.

धागाकर्ती:
खालची पाने आधी पिवळी झाली. नवीन पाने लहान आहेत, पण हिरवी. हात नुसत्या पाण्याने धुतले गेले. सामू साध्या वाफ्यात ६.८, कोळशाच्या वाफ्यात ७.४.

प्रतिसाद २:
मग विष नाही, ही नत्राची (नायट्रोजनची) उपासमार आहे. लोहाची कमतरता असती तर कोवळी पाने पिवळी पडून शिरा हिरव्या राहिल्या असत्या. तुमचा घेवडा हाच सगळ्यात मोठा पुरावा आहे. तो मुळांवरच्या गाठींतून हवेतला नत्र मिळवतो, म्हणून त्याला झळ लागली नाही. एक गाठ कापून बघा, आतून गुलाबी असेल तर ती काम करते आहे.

जिवाणू मेलेले नाहीत, उलट वाढले असावेत. ताज्या कोळशावर पटकन पचणारा थोडा कार्बन असतो. तो खाताना जिवाणू मातीतला नत्र स्वतःकडे ओढतात. थोडा अमोनियम, म्हणजे नत्राचेच एक रूप, कोळसाही धरून ठेवतो. दोन्हीकडून रोपांच्या तोंडचा घास जातो.

‘कोळसा म्हणजे जिवाणूंचे घर’ हे वाक्य सगळीकडे असते, पण ते अर्धेच खरे. बहुतेक छिद्रे नॅनोमीटरमधली, आणि जिवाणू साधारण १ मायक्रोमीटरचा, म्हणजे हजार नॅनोमीटरचा. तो त्यांत शिरणार कसा? राहायची जागा म्हणजे लाकडातल्या पाणी वाहणाऱ्या नळ्या, काही मायक्रोमीटरपासून त्याच्या दहा-वीसपटीपर्यंत रुंद. तिथे बुरशीचे धागेही शिरतात, आणि जिवाणूंना खाणारे मोठे सूक्ष्मजीव अरुंद तोंडाशीच अडतात. पण घर रिकामे असून चालत नाही, शिधा हवा. ॲमेझॉनच्या खोऱ्यातल्या, कोळसा मिसळलेल्या सुपीक काळ्या मातीचा दाखला नेहमी देतात, तिथेही नुसता कोळसा नव्हता. हाडे, राख, खरकटे, मैला सगळे त्यात होते.

गांडुळांची काळजी कमी करा. ती ओलसर त्वचेतून श्वास घेतात, कोरडा कोळसा आजूबाजूचा ओलावा शोषतो, म्हणून ती बाजूला सरकतात. आधी भिजवलेल्या कोळशापासून ती तशी दूर पळत नाहीत, असे प्रयोगांत दिसले आहे. कोळसा काढू नका. शेणाची पातळ स्लरी द्या, वर पालापाचोळ्याचे आच्छादन टाका, ओल टिकवा. पुढच्या वेळी कोळसा तेवढ्याच कंपोस्टमध्ये मिसळून ओला करून महिनाभर ठेवा, मगच मातीत घाला.

प्रतिसाद १:
सहमत. फक्त सामू बघता आणखी कोळसा किंवा राख या वाफ्यात घालू नका. बायोचारचा ठळक फायदा आम्लधर्मी, निकस जमिनीत दिसतो. चांगल्या किंवा चुनखडीच्या जमिनीत उत्पन्न फारसे हलत नाही.

धागाकर्ती:
दोघांचेही मनापासून आभार. घेवड्याची गाठ कापली, आतून गुलाबी निघाली! आज अर्ध्या वाफ्याला स्लरी देऊन आच्छादन केले, उरलेला अर्धा तुलनेसाठी तसाच ठेवला आहे. एकच विचारायचे राहिले: स्लरी दर आठवड्याला द्यावी, की नवी पाने मोठी होऊ लागेपर्यंत थांबून बघावे?