चढ 450 मिमी, जागा 6 मीटर: रॅम्प बसवायचा कसा? (उंबरठा, ओळंबा, बिजागरी, रंधा ही बोलणाऱ्यांची टोपणनावं.)

उंबरठा:
वाचनालयाच्या दारापुढे तीन पायऱ्या आहेत, प्रत्येकी 150 मिमी. व्हीलचेअरसाठी रॅम्प करायचाय. भिंतीलगत 6 मीटर लांब आणि 3.2 मीटर रुंद जागा मिळते. दार उजव्या टोकाला, त्यापलीकडे सपाट फरसबंद वाट. चौकट बाहेरून बाहेर 900 मिमी, पान आत उघडतं. 1:12 उतार (12 लांबीला 1 चढ) सरळ रेषेत मावत नाही, म्हणून कंत्राटदार 1:8 म्हणतोय. चालेल का? दारही बदलावं लागेल? आतल्या जुन्या फरशीवरच नवी फरशी बसणार आहे, थर साधारण 40 मिमी.

ओळंबा:
1:8 अजिबात नको. माणूस आणि खुर्ची मिळून 100 किलो धरा. 1:12 वर ढकलायला साधारण 8 किलोचा जोर लागतो, 1:8 वर 12 च्या वर, तोही चाकांचं घर्षण सोडून. स्वतः चाकं फिरवणाऱ्याला एवढा जोर टिकवता येत नाही, शिवाय खुर्ची मागे कलंडू शकते. उतरताना तर हातांनी चाकं धरूनही ती आवरणं कठीण जातं.

सरळ रॅम्पला 5.4 मीटर उतार आणि वर-खाली दीड-दीड मीटरचे सपाट ओटे, म्हणजे 8.4 मीटर. म्हणून घडी घाला. दारापुढे 1.5 मीटरचा ओटा, तिथून डावीकडे 2.7 मीटर उतार, वळणाला 1.5 मीटर सपाट, मग परत उजवीकडे 2.7 मीटर. भिंतीलगत लांबी 5.7 मीटर झाली. दोन्ही पट्टे कठड्यांसकट दीड-दीड मीटर धरले तरी 3.2 मीटरमध्ये मावतात. अमेरिकेच्या 2010 च्या अपंग-सुलभता मानकात (ADA) कठड्यांमधली मोकळी रुंदी किमान 915 मिमी आहे, पण ती फारच तंग. 1200 ठेवा. रुंदी कठड्याच्या आतल्या कडेपासून मोजायची, काँक्रीटच्या कडेपासून नाही. नेमकी इथेच गफलत होते.

पायऱ्या मात्र ठेवा, ओट्याच्या उजव्या कडेने वाटेवर उतरवा. काठी घेऊन चालणाऱ्या बऱ्याच जणांना लांब उतारापेक्षा कठडा असलेल्या तीन पायऱ्या सोप्या जातात.

बिजागरी:
दाराचं सांगतो. चौकटीची लाकडं 60-60 मिमी धरली तर आत 780 उरतात. पान 90 अंशात उघडलं की त्याच्या जाडीतले अजून 20-25 मिमी आत येतात. हातात राहिले सुमारे 755. त्याच मानकात किमान 815 लागतात. पान वाटेतून पूर्ण बाजूला नेणारी बिजागरी मिळते, पण तिने फार तर 780 मिळतील. तेव्हा चौकट बदलणं आलंच. बदलताय तर बाहेरून 1050 ची घ्या, 900 मोकळे मिळतील.

उंबरठा 13 मिमीपेक्षा उंच नको, आणि 6 मिमीच्या वरचा भाग तिरका घासलेला हवा. कडीच्या बाजूला भिंतीचा मोकळा भागही सोडा: ढकलायच्या बाजूने 300, ओढायच्या बाजूने 450 मिमी. नाहीतर खुर्चीतल्या माणसाचे पाय दाराला भिडतात आणि हात मुठीपर्यंत पोचत नाही. कुंड्या आणि चपलांचं कपाट हमखास याच जागेवर येऊन बसतं.

उंबरठा:
वा, आकृती काढून पाहिली, बसतंय. म्हणजे 2.7 चे दोन उतार पक्के?

ओळंबा:
नाही. नव्या फरशीचे 40 मिमी राहिले. दाराशी उंबरठा नको असेल तर बाहेरचा ओटाही तेवढाच वर येणार. चढ 490, प्रत्येक उतार 2.94, भिंतीलगत लांबी 5.94 मीटर. कागदावर मावलं, पण बांधताना चुकीला जेमतेम 60 मिमी उरतात. दोन्ही उतार सारखेच हवेत असं कुठे आहे? उजवीकडे वाट सपाट आहे ना? मग वरचा 2.7 मीटरच ठेवा आणि खालचा 3.7 पर्यंत लांबवा. उतार 1:13 पडेल. खालच्या सपाट जागेचा साधारण 700 मिमी भाग वाटेवर जाईल, एवढंच.

रंधा:
बांधकामात बिघडतं ते असं. दोन टोकांची पातळी बरोबर असते, पण मध्ये खोलगटपणा किंवा फुगवटा येतो आणि तिथे उतार 1:9 होतो. 1200 मिमीची सरळ पट्टी उतारावर ठेवा, वरचं टोक टेकवून पाणपातळीने आडवी करा आणि खालच्या टोकाची फट मोजा. 1:12 ला ती 100 भरते, तुमच्या 1:13 ला सुमारे 92. 100 च्या वर गेली की तेवढा भाग फोडून पुन्हा करायचा, आणि तेही कठडे बसायच्या आधी. आडवा उतार 1:48 पेक्षा जास्त नको. ओट्यांनाही पाणी निघण्यापुरता तेवढाच.

काँक्रीटवर शेवटी झाडू आडवा फिरवा, चढाच्या दिशेने नाही. गुळगुळीत ग्रॅनाइट ओला झाला की घसरतो, आणि खोल खाचांत पुढची लहान चाकं अडखळतात. खालचं टोक कागदासारखं पातळ केलंत तर ते तुटणारच आणि तिथे 20 मिमीची पायरी तयार होईल. जमिनीत खाच घेऊन तिथे पुरेशी जाडी द्या.

कठडा दोन्ही बाजूंना, उंची 865 ते 965, पाईप बाहेरून 40 मिमीचा. उतार संपल्यावरही 300 मिमी आडवा पुढे न्या, मात्र टोक भिंतीकडे किंवा खाली वळवा, उघडं राहिलं तर बाहीत अडकतं. कडेला 100 मिमीचा काठ हवा. वरच्या ओट्याच्या बाहेरच्या कडेलाही, कारण तिथून सरळ 490 मिमीचा खड्डा आहे.