बाबा झोपले, सलग ११वी रात्र: आकडेवाल्या वार्ताहराच्या थाटात पोस्ट लिहायची तर चुकतंय कुठे?

बारावा गडी:
मंडळी, अडचण आहे, हसू नका. म्हणजे हसा, तेच तर होत नाहीये.

क्रिकेटचे आकडे देणारे वार्ताहर असतात ना, चेंडू सीमापार जायच्या आत 'परदेशात, चौथ्या डावात, डावखुऱ्या सलामीवीराने' असं काहीतरी काढून दाखवणारे? त्यांच्या थाटात मी घरातल्या गोष्टींवर पोस्ट टाकतो. पहिलीच तुफान चालली:

'बाबा रात्री ९.४० वाजता टीव्हीसमोर झोपले. रिमोट हातात असताना झोप लागण्याची ही सलग ११वी रात्र. उठवल्यावर "जागाच आहे मी" : ११ पैकी ११.'

ताईने ती आत्याला फोनवर वाचून दाखवली. मला चेव आला. पुढची अशी: 'आमच्या मांजरीने आज ४५,०००व्यांदा सोफा ओरबाडला, विश्वविक्रम!!!' तीन अंगठे आले, त्यातला एक माझाच, दुसऱ्या नंबरवरून. तेव्हापासून उतरती कळा.

आणि आता खरी भानगड. घरचं चालेना म्हणून एका खऱ्याखुऱ्या फलंदाजाचं नाव घेऊन टाकलं की ढगाळ हवेत, मंगळवारी, नाणेफेक हरल्यावर याची सरासरी ७१.२५. आकडा सगळा माझ्या मनाचा. कुणीतरी त्याचा स्क्रीनशॉट काढला, माझं नाव कापलं, आणि तीन आठवडे कुठकुठे फिरून तो मामांकडून मलाच आला. वर मामांची ओळ: 'बघ. याला म्हणतात अभ्यास. नाहीतर तू.'

तर प्रश्न दोन. बाबांची पोस्ट जमली आणि मांजरीची का पडली? आणि मामांसारख्यांना खरं वाटणार नाही असं लिहायचं कसं?

तिसरा पंच:
बाबांच्या ११ रात्री तुम्ही मोजल्या होत्या. मांजरीचे ४५,००० मोजले नव्हते. वाचणाऱ्याला ते लगेच कळतं.

आकडेवाला फुगवत नाही हो. त्याची गंमत अटींमध्ये असते. क्रिकइन्फो या संकेतस्थळावरचं आकडे शोधायचं पान, स्टॅट्सगुरू, उघडून बघा: प्रतिस्पर्धी, घरचं मैदान की बाहेरचं, कर्णधार कोण, कितव्या क्रमांकावर खेळला, निकाल काय. एकेक चाळणी लावत जायची, की शेवटी कुणीही पहिल्या क्रमांकावर येतो. विडंबनात हेच करायचं, फक्त चाळण्या घरच्या. 'पाहुणे बसलेले असताना, दिवाणखान्यात, आईच्या देखत मांजरीने सोफ्याच्या डाव्या हाताला नख लावण्याची या महिन्यातली ही चौथी वेळ.' चारच, पण चार खरे. आणि ती तीन उद्गारचिन्हं आधी काढा. तो माणूस ओरडत नाही, ओरडायला समालोचक आहे.

फुगवायची गरज नाही, कारण खरेच आकडे इतके वेडे असतात. न्यूझीलंडच्या ख्रिस मार्टिनने कसोटीत २३३ बळी घेतले आणि धावा केल्या १२३. इंग्लंडचा अ‍ॅलेक स्ट्युअर्ट जन्मला ८-४-६३ रोजी आणि कसोटीत त्याच्या धावा झाल्या ८४६३. मी ही थाप म्हणून लिहिली असती तर तुम्हीच म्हणाला असता, काहीही काय!

जुना गुणलेखक:
तिसरा पंच बरोबर सांगतायत, पण मला जरा वेगळं म्हणायचंय. मी बरीच वर्षं क्लबच्या सामन्यांचं गुणलेखन केलं. तिथे तुम्ही विनोदी माणूस नसता, कारकून असता. धाव नाही, टिंब. सहा टिंबं झाली की ती रेघेने जोडून त्यांचा एम करायचा, झालं निर्धाव षटक. बाहेर कुणी गोलंदाजाला शिव्या घालतंय, कुणी टाळ्या पिटतंय, तुमची पेन्सिल मात्र टिंबावर. ही कारकुनी तुमच्या पोस्टमध्ये आली पाहिजे.

बापू नाडकर्णींचं १९६४ सालचं मद्रासचं पृथक्करण बघा, इंग्लंडविरुद्ध: ३२-२७-५-० (षटकं, निर्धाव, धावा, बळी). सलग १३१ चेंडूंवर धाव नाही. आता या चार आकड्यांना 'अचाट', 'अविश्वसनीय' असलं काही चिकटवून बघा, लगेच पडेल. किंवा १९७५च्या विश्वचषकात लॉर्ड्सवर गावसकर: इंग्लंडच्या ३३४ धावांचा पाठलाग, १७४ चेंडू, नाबाद ३६, चौकार १. त्या दिवशी मैदानात काय वाटलं असेल त्यावर पानं लिहिता येतील, पण शेवटचं 'चौकार १' जे करतं ते पानांनी होत नाही.

म्हणून सांगतो, एक वही करा. खरंच करा. बाबा किती वाजता झोपले, रिमोट कुठल्या हातात होता, कुणी उठवलं. महिनाभर नुसत्या नोंदी, पोस्ट टाकायची नाही. महिन्याच्या शेवटी वही चाळाल तेव्हा विनोद आपोआप सापडेल, आणि तो तुम्हाला सुचला नसता असा असेल. माझ्या वहीत आमच्या हिचं 'पाच मिनिटांत निघते' आहे: सरासरी २३.६० मिनिटं. खाली बारीक अक्षरात 'पात्रता: किमान २० प्रयत्न'. लोक हसतात ते त्या बारीक ओळीला. फलंदाजीच्या सरासरीच्या याद्यांत किमान २० डावांची अट असते, तिथूनच उचलली.

आणि दशांश दोन घरांपर्यंत. ब्रॅडमनच्या कसोटी सरासरीला, ९९.९४ला, कुणी शंभर म्हणत नाही. ६९९६ धावा, ७० वेळा बाद, शेवटच्या डावात शून्य. शंभरच्या सरासरीला चार धावा कमी पडल्या म्हणूनच तो आकडा पाठ आहे सगळ्यांना.

रात्रपाळी:
हिला वही दाखवलीत का, काका?

जुना गुणलेखक:
दाखवली. तिने माझ्या 'शेवटचंच षटक बघतो' ची वही सुरू केली आहे.

लेग बाय:
दुसऱ्या प्रश्नाचं कुणी बोलतच नाहीये.

बारावा गडी, खऱ्या खेळाडूच्या नावावर खोटा आकडा टाकायचा नाही, विषय संपला. ७१.२५ हा अगदी खरा दिसणारा आकडा आहे, आणि ढगाळ हवा, नाणेफेक या अटी खरे लोकही बोलतात. त्यात विडंबन कुठे होतं? ती थाप होती, तुम्हाला एकट्याला माहीत असलेली. मामांचा काही दोष नाही.

खात्याच्या नावात 'विडंबन' लिहा, एक्सवर तर ते लिहावंच लागतं. पण त्यावर विसंबू नका, स्क्रीनशॉट कापणारा पहिलं तेच कापतो. चेष्टा आकड्याच्याच वाक्यात असली पाहिजे, म्हणजे ती कापता येत नाही. 'ओला टॉवेल पलंगावर टाकण्यात दादा सलग सहाव्या आठवड्यात अव्वल' हे कापून कापून काय कापाल?

फुटबॉलचे आकडे देणाऱ्या ऑप्टा कंपनीच्या पोस्टची एक धाटणी आहे, ती वापरून बघा. आधी नुसता आकडा, मग एक वाक्य, शेवटी एकच शब्द. '६ - घरातले चार्जर. ० - सापडणारे. परंपरा.' तो शेवटचा शब्द कोरडा ठेवा. मी एकदा तिथे 'हाहाहा' लिहिलं होतं, अजून लाज वाटते.

बारावा गडी:
सगळ्यांचे आभार. मामांना फोन करून सांगितलं की तो आकडा मीच रचला होता. ते म्हणाले, 'शक्यच नाही, तुला इतकं जमणार नाही.' हे कौतुक की काय, ठरवता आलं नाही. मूळ पोस्ट मात्र काढली, आणि खाली चूक कबूल केली.

वही सुरू केली. १२ दिवस झाले. बाबांना सुगावा लागला आणि त्यांनी थेट आक्षेप घेतला: त्या ११पैकी दोन रात्री आपण डोळे मिटून बातम्या ऐकत होतो. आईकडे दाद मागितली. काल रात्री ही टाकली:

'दुरुस्ती: बाबांच्या सलग ११ रात्रींपैकी २ रात्रींवर आक्षेप. "बातमी कोणती होती?" या प्रश्नाला उत्तर: २ पैकी ०. आईने मूळ निर्णय कायम ठेवला. बाबांचा रिव्ह्यू गेला.'

आत्याचा फोन आला होता. यावेळी तिने स्वतः वाचली होती.